दुसऱ्यांदा कोसळण्याआधीचे सहा महिने: कामाच्या ताणाचा एक प्रकरण अभ्यास

कामाच्या ताणाचा विषय निघाला की बोलणं लगेच त्या माणसावर येतं. त्याची झोप, त्याचा स्वभाव, त्याला 'नाही' म्हणता येत नाही, तो घरी गेल्यावरही फोन बाजूला ठेवत नाही, वगैरे. इंग्लंडमधलं एक जुनं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात माणसाकडे बोट दाखवायला फारशी जागाच नाही. माणूस अनुभवी होता. त्याला आधी कधी मानसिक आजार झालेला नव्हता. कामाचा भार झेपण्यापलीकडे गेलाय हे त्यानं वरिष्ठांना लेखी कळवलं होतं. तरीही दहा महिन्यांच्या आत तो दोनदा कोसळला आणि शेवटी त्याची नोकरी गेली.

हे प्रकरण 'वॉकर विरुद्ध नॉर्थम्बरलँड काउंटी कौन्सिल' या नावानं ओळखलं जातं. न्यायमूर्ती कोलमन यांनी १६ नोव्हेंबर १९९४ रोजी त्याचा निकाल दिला. केवळ कामाच्या भारामुळे झालेल्या मानसिक आजारासाठी मालकाला जबाबदार धरणारा हा तिथला पहिला मोठा निकाल मानला जातो. कायद्याच्या वर्गात तो शिकवतात तो त्या तत्त्वासाठी. मला त्यातला एक छोटा काळ जास्त बोलका वाटतो: ४ मार्च १९८७ ते १६ सप्टेंबर १९८७. आजारातून उठलेला माणूस कामावर परत आल्यापासून पुन्हा घरी बसेपर्यंतचे हे सहा महिने. ताणाचं व्यवस्थापन नेमकं कुठे होतं आणि कुठे निसटतं, हे एवढ्या काळात स्पष्ट दिसतं.

कामाचं स्वरूप

जॉन वॉकर १९७० पासून कौन्सिलच्या समाजसेवा खात्यात क्षेत्र अधिकारी होते. इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलच्या उत्तरेला असलेला ब्लाइथ व्हॅली हा भाग त्यांच्याकडे होता. प्रत्यक्ष घरोघरी जाऊन काम करणाऱ्या समाजसेवकांच्या चार तुकड्या त्यांच्या हाताखाली होत्या. म्हणजे हे मधल्या फळीतले अधिकारी. वर खात्याचे वरिष्ठ, खाली तुकड्यांचे प्रमुख आणि त्यांची माणसं, आणि बाहेर अडचणीतली कुटुंबं.

या भागाची लोकसंख्या वाढत गेली, त्याबरोबर बालसंरक्षणाची प्रकरणंही वाढत गेली. विशेषतः मुलांच्या छळाच्या तक्रारी. कर्मचाऱ्यांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. त्या काळाचा संदर्भही लक्षात ठेवायला हवा. १९८४ मध्ये लंडनमध्ये एका चार वर्षांच्या मुलीचा सावत्र वडिलांच्या मारहाणीत मृत्यू झाला. ती मुलगी समाजसेवा खात्याच्या देखरेखीखाली होती. पुढच्या वर्षी चौकशी अहवाल आला आणि समाजसेवकांवर देशभर टीकेची झोड उठली. त्यानंतर या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट कळून चुकली होती: एखाद्या फाइलकडे दुर्लक्ष झालं तर त्याची किंमत एखाद्या मुलाचा जीव असू शकते, आणि जाब विचारला जाईल तो आपल्याला.

हा मुद्दा मी जरा ताणून धरतो, कारण 'कामाचा भार' म्हटलं की आपण तास मोजतो. तास महत्त्वाचे आहेतच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो. पण दोन माणसं सारखेच तास काम करत असली तरी त्यांचा ताण सारखा नसतो. ज्या कामात रात्री अंथरुणावर पडल्यावर 'त्या घरी उद्या जायचं ठरवलं, आजच जायला हवं होतं का' हा प्रश्न येतो, त्या कामाचे तास कार्यालय बंद झाल्यावर थांबत नाहीत.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं एक सूत्र इथे उपयोगी पडतं. कामाची मागणी आणि त्या कामावर माणसाचा स्वतःचा ताबा, या दोन गोष्टी एकत्र पाहायच्या. मागणी जास्त पण ताबाही जास्त असेल, तर काम दमवतं, तरी माणूस त्यातून शिकतो, वाढतो. मागणी जास्त आणि ताबा कमी, ही जोडी माणसाला आजारी पाडते. वॉकर अधिकारी होते, त्यामुळे त्यांच्याकडे भरपूर अधिकार असतील असं वाटतं. प्रत्यक्षात आलेली तक्रार नाकारणं त्यांच्या हातात नव्हतं, कारण मुलांचं संरक्षण ही खात्याची कायदेशीर जबाबदारी. नवी पदं निर्माण करणं त्यांच्या हातात नव्हतं. क्षेत्राची हद्द बदलून भार वाटणंही त्यांच्या हातात नव्हतं. आलेलं काम कसंबसं वाटून देणं आणि त्याची जबाबदारी घेणं, एवढंच उरत होतं. मधल्या फळीतल्या कितीतरी जणांची हीच गत असते.

पहिला आजार

आपल्यावर आणि आपल्या माणसांवर येणारा कामाचा दाब तातडीनं कमी करायला हवा, असे अहवाल आणि टिपणं वॉकर यांनी वरिष्ठांकडे पाठवली. त्यातून ठोस काही घडलं नाही. नोव्हेंबर १९८६ च्या शेवटी ते कोसळले.

लक्षणं नोंदवलेली आहेत: मानसिक थकवा, तीव्र चिंता, डोकेदुखी, झोप न येणं, चिडचिड, थोडाही ताण सहन न होणं, सारखं रडू येणं. ही यादी वाचताना मला वाटतं की यातली निम्मी लक्षणं आपण आजूबाजूच्या माणसांत रोज पाहतो आणि 'हल्ली जरा जास्तच काम आहे' म्हणून सोडून देतो. चिडचिड ही तर बहुतेक ठिकाणी स्वभावाच्या खात्यात जमा होते. एरवी शांतपणे काम करणारा सहकारी एकाएकी साध्या प्रश्नावर खेकसू लागला तर त्यावरून त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या झोपेबद्दल जास्त काही कळतं.

या पहिल्या आजारासाठी न्यायालयानं कौन्सिलला जबाबदार धरलं नाही. तर्क असा होता: काम जड आहे हे वरिष्ठांना ठाऊक होतं, पण अशा जड कामात समाजसेवा खात्यातल्या कुठल्याही मधल्या अधिकाऱ्याला असतो त्यापेक्षा जास्त धोका या माणसाला आहे, हे त्यांना वेळेआधी कळायला हवं होतं असं म्हणता येत नाही. अनेकांना हे कठोर वाटतं. मलाही पहिल्यांदा वाचताना तसंच वाटलं. पण त्यातून व्यवहारातली एक गोष्ट हाती लागते. कामाबद्दलचं टिपण आणि तब्येतीबद्दलचं टिपण ही दोन वेगळी टिपणं आहेत. 'आमच्याकडे माणसं कमी आहेत' हे वाक्य वरिष्ठ अधिकारी दिवसातून अनेकदा वाचतो. ते त्याला मनुष्यबळाची मागणी म्हणून दिसतं आणि तो ते अंदाजपत्रकाच्या ढिगात टाकतो. 'गेले तीन आठवडे मला रात्री झोप नाही, डॉक्टरांना दाखवलंय, आणि याचं कारण अमुक काम आहे' हे वाक्य त्याला त्या ढिगात टाकता येत नाही.

अधिकारी माणसाला दुसरं वाक्य लिहिणं फार जड जातं. तो आपल्या माणसांसाठी भांडतो, स्वतःसाठी भांडायला त्याला कमीपणा वाटतो. शिवाय एकदा असं लिहिलं की आपली बढती संपली, ही भीती असते, आणि ती नेहमीच निराधार असते असंही नाही. तरी ते लिहिलं पाहिजे. तारीख घालून, दोन-चार ओळींत, कुणालाही दोष न देता.

परत येताना दिलेला शब्द

डॉक्टरांच्या सल्ल्यानं वॉकर तीन महिने घरी होते. परत येण्याआधी ते त्यांच्या वरिष्ठांशी बोलले. दोन गोष्टी ठरल्या. एक अनुभवी वरिष्ठ क्षेत्रकार्य अधिकारी ब्लाइथ व्हॅलीत पाठवला जाईल आणि गरज असेल तोवर तिथे राहील. दुसरं, वरिष्ठ स्वतः दर आठवड्याला येऊन भेटतील.

या टप्प्यावर मला कौन्सिलला श्रेय द्यावंसं वाटतं. १९८७ साली, मानसिक आजाराबद्दल उघड बोलणंसुद्धा अवघड असताना, एका वरिष्ठानं आजारी सहकाऱ्याबरोबर बसून परतीची आखणी केली आणि त्या आखणीत योग्य तीच गोष्ट होती. योगासनं करा, मन शांत ठेवा, असा उपदेश त्यात नव्हता. काम वाटून घ्यायला माणूस देतो, असं त्यात होतं. आज अनेक संस्थांमध्ये समुपदेशकाचा फोन नंबर देऊन जबाबदारी संपते, तिथे हे एक पाऊल पुढेच होतं.

४ मार्च १९८७ ला वॉकर परत आले आणि पुढे काय झालं ते असं. मदतीला येणारा अधिकारी अर्धवटच मिळाला, आणि एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे जेमतेम महिन्याभरात, त्याला काढून घेतलं. वरिष्ठांच्या साप्ताहिक भेटीत खंड पडत गेला. वॉकर घरी असताना कागदपत्रांचा जो ढीग साचला होता तो उपसता उपसता मे उजाडला, आणि तोवर बालसंरक्षणाची प्रलंबित प्रकरणं वाढतच होती.

एप्रिल १९८७

या प्रकरणाचा गाभा मला एप्रिलच्या या सुरुवातीत दिसतो. मार्चमध्ये दिलेला शब्द एप्रिलमध्ये का मोडला? माझ्या वाचनात दुष्टपणा कुठेच नाही, आणि म्हणूनच हे शिकण्यासारखं आहे. मदतीला पाठवलेला माणूस अनुभवी होता. अनुभवी माणसाची गरज सगळीकडे असते. 'गरज असेल तोवर' हे शब्द ऐकायला उदार आहेत, पण गरज संपली हे ठरवायचं कुणी, कशावरून, आणि ठरवण्याआधी कुणाला विचारायचं, याचं उत्तर त्यात नाही. अशा वेळी सहसा काय होतं ते कुठल्याही कार्यालयात पाहा. परतलेला माणूस रोज वेळेवर येतो आहे, टेबलावर बसून काम करतो आहे, म्हणजे तो बरा झाला असं गृहीत धरलं जातं. ज्याची तक्रार येत नाही त्याची मदत सर्वांत आधी काढली जाते.

तक्रार का येत नाही हेही समजून घ्यायला हवं. तीन महिन्यांच्या आजारपणानंतर परतलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांत एकच गोष्ट सिद्ध करायची असते, ती म्हणजे 'मी पूर्वीसारखाच आहे'. आपल्या गैरहजेरीत सहकाऱ्यांनी आपलं काम ओढलं याचं ओझं त्याच्या मनावर असतं. त्यामुळे मदतनीस काढून घेतला की तो 'हरकत नाही' म्हणतो. हे 'हरकत नाही' प्रामाणिक असतं, पण ते विश्वसनीय नसतं. फ्रॅक्चर जुळून आलेल्या पायाचं प्लास्टर काढायचं की नाही हे आपण रुग्णाच्या उत्साहावर सोडत नाही.

साचलेल्या ढिगाकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. रजेवरून परतलेल्या माणसाच्या टेबलावर दोन कामं असतात: आजचं, आणि गेल्या तीन महिन्यांचं. म्हणजे जे काम पूर्ण तब्येतीत झेपत नव्हतं, ते आता अर्ध्या तब्येतीत दुपटीनं करायचं. वॉकर यांना तो ढीग उपसायला दोन-अडीच महिने लागले. त्या काळात त्यांची रोजची प्रकरणं कमी केली गेली नाहीत. साधं गणित मांडून पाहिलं असतं तरी हे उभं राहणार नाही हे दिसलं असतं. हा हिशेब परतण्याच्या आधी व्हायला हवा: किती साचलंय, त्यातलं किती दुसऱ्या कुणी संपवता येईल, किती सरळ बंद करून टाकता येईल. रजेच्या काळात त्या जागी कुणालाच न बसवणं, हा पैसे वाचवण्याचा मार्ग नव्हे. ते काम व्याजासकट आजारी माणसाच्याच नावावर चढतं.

वरिष्ठांची साप्ताहिक भेट वरवर किरकोळ वाटते. तसं नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, आपल्याहून जास्त अधिकार असलेलं माणूस समोर येऊन बसणार आहे हे माहीत असलं की अवघड निर्णय एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. कॅरासेक यांच्या सूत्रात पुढे १९८० च्या दशकात तिसरी बाजू जोडली गेली, ती आधाराची. मागणी जास्त, ताबा कमी आणि वर आधारही नाही, ही सगळ्यात घातक जुळणी. वॉकर यांची मागणी कमी झाली नाही, ताबा वाढला नाही, आणि मिळालेला आधार महिन्याभरात विरला. नोव्हेंबर १९८६ ची परिस्थिती जशीच्या तशी उभी राहिली होती. फरक एवढाच की आता ती एकदा कोसळलेल्या माणसाला पेलायची होती.

सप्टेंबरपर्यंत लक्षणं परतली. महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी वरिष्ठांना सांगितलं की हे आता चालवता येत नाही. १६ सप्टेंबरला ते पुन्हा रजेवर गेले. निदान होतं ताणातून आलेली चिंतावस्था. ते पुन्हा कामावर परतू शकले नाहीत. फेब्रुवारी १९८८ मध्ये कायमच्या अनारोग्याच्या कारणावरून त्यांना नोकरीतून काढण्यात आलं.

न्यायालय काय म्हणालं

मालकानं कर्मचाऱ्याला सुरक्षित कार्यपद्धती द्यायची, हे कर्तव्य इंग्लंडमध्ये जुनं आहे. यंत्राला जाळी हवी, शिडी पक्की हवी. न्यायमूर्ती कोलमन यांचं म्हणणं असं की मनाला होणारी इजा या कर्तव्यातून वगळण्याला काही तार्किक कारण नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच की धोका दिसण्यासारखा होता का, आणि तो टाळण्यासाठी वाजवी असं काय करता आलं असतं. पहिल्या आजारानंतर धोका दिसत नव्हता असं म्हणायला जागाच नव्हती. त्याच कामामुळे तोच माणूस एकदा कोसळला होता.

कौन्सिलचा बचाव पैशाचा होता. साधनं तुटपुंजी आहेत, एकीकडे माणूस दिला तर दुसरीकडे सेवा खंडित होते. हा मुद्दा न्यायालयानं उडवून लावला नाही. काय करणं वाजवी हे ठरवताना साधनांचा विचार होतो, असं मान्य केलं. पण त्याच्या आड कर्मचाऱ्याबद्दलचं कर्तव्य लपवता येत नाही. इतर कामात थोडा व्यत्यय आला असता तरी कौन्सिलनं वॉकर यांना जादा मदत द्यायला हवी होती, आणि ती चालू राहिली असती तर दुसरा आजार बहुधा टळला असता, असा निष्कर्ष निघाला. पुढे १९९६ मध्ये प्रकरण १,७५,००० पौंडांवर मिटलं. म्हणजे काही महिने एक माणूस तिथे ठेवण्याचा खर्च टळला, आणि त्याच्या बदल्यात एक अनुभवी अधिकारी, एवढी भरपाई आणि अनेक वर्षांची कोर्टकचेरी वाट्याला आली. वॉकर यांचं जे गेलं ते कुठल्याच रकमेत बसत नाही.

त्यांच्या हातात काय होतं

हा प्रश्न टाळणं बरं नाही. कामाच्या जागी बदल होईल तेव्हा होईल, तोवर माणसानं काय करायचं? वॉकर यांनी बरंच केलं होतं. लेखी कळवलं, डॉक्टरांचं ऐकलं, पुरेशी विश्रांती घेतली, परतण्याआधी मदत मागितली, दुसऱ्यांदा लक्षणं दिसताच सांगितलं. ताणाबद्दलच्या कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेली पावलं त्यांनी जवळपास सगळी टाकली.

एक गोष्ट राहिली असं मला वाटतं, आणि ती आज कुणालाही करता येण्यासारखी आहे. मदत काढून घेतली गेली त्याच दिवशी ती लेखी नोंदवणं. 'अमुक तारखेला ठरल्याप्रमाणे मदतीला दिलेले अधिकारी आजपासून उपलब्ध नाहीत. साचलेलं काम इतकं शिल्लक आहे. त्यामुळे नवीन प्रकरणांपैकी कोणती आधी घ्यायची आणि कोणती थांबवायची हे कृपया ठरवून कळवावं.' या तीन वाक्यांतलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. त्यामुळे प्राधान्य ठरवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्याकडे परत जाते. जास्तीचं काम गपचूप आत घेत राहणारा माणूस आपल्या वरिष्ठाला खरी परिस्थिती कळूच देत नाही. वॉकर यांच्यावर दोष टाकण्यासाठी मी हे म्हणत नाही. एप्रिलमध्ये ते ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेत असं पत्र सुचणंच कठीण, म्हणून ते परतीच्या आखणीतच आधी लिहून ठेवावं.

झोप, चालणं, श्वसनाचे व्यायाम, मित्राशी बोलणं, याबद्दल माझं मत असं आहे की यांचा उपयोग खरा आहे, पण मर्यादित आहे. भार सोसण्याच्या आवाक्यात असेल तेव्हा ते माणसाला सावरतात. भार आवाक्याबाहेर असेल तेव्हा ते फक्त कोसळण्याची तारीख पुढे ढकलतात, आणि कधी कधी त्यात एक नवा अपराधभाव मिसळतो: मी ध्यान करूनही मला जमत नाही, म्हणजे दोष माझाच. झोपेचा अपवाद करायला हवा. सलग झोप उडणं ही सगळ्यात लवकर मिळणारी सूचना असते आणि ती हातची घालवू नये. दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल तर डॉक्टरांकडे जायचं, आणि स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी.

नंतरचे निकाल

वॉकर प्रकरणानंतर असे दावे वाढले आणि २००२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं चार प्रकरणं एकत्र ऐकून सोळा मुद्द्यांची चौकट घालून दिली. त्यातला एक मुद्दा फार गाजला: गोपनीय सल्ला आणि समुपदेशनाची सोय देणारा मालक सहसा कर्तव्यात कसूर केल्याचा दोषी ठरणार नाही. संस्थांना हे आवडलं यात नवल नाही. समुपदेशनाची सोय हे कवच झालं.

त्या चारपैकी एक प्रकरण एका गणित शिक्षकाचं होतं. आठवड्याला ६१ ते ७० तास काम करून ते तीन आठवडे आजारी पडले होते. तेही २००४ मध्ये सर्वोच्च पातळीवर जाऊन जिंकले. ताण आणि नैराश्य हे कारण रजेच्या दाखल्यावर असताना परतल्यावर कुणी सहानुभूतीनं चौकशी करून त्यांचा भार हलका केला नव्हता. मार्च १९८७ ची गोष्ट वेगळ्या इमारतीत पुन्हा घडली होती.

समुपदेशनाच्या कवचाला तडा गेला तो २००७ मध्ये, इंटेल कंपनीच्या एका कर्मचारी महिलेच्या प्रकरणात. तिनं कामाच्या भाराबद्दल वरिष्ठांना पुन्हा पुन्हा ईमेल पाठवले होते. एकदा वरिष्ठाला ती टेबलापाशी रडताना दिसली. मदत देण्याचं आश्वासन मिळालं, मदत आली नाही. कंपनीकडे समुपदेशनाची सोय होती. अपील न्यायालयानं सांगितलं की तेवढ्यानं कर्तव्य पार पडत नाही. समुपदेशक तिचं काम कमी करू शकत नव्हता. ते वरिष्ठच करू शकत होते आणि तातडीनं करायला हवं होतं.

दरम्यान, ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेनं २००४ मध्ये कामाच्या ताणासाठी सहा निकष जाहीर केले: मागणी, ताबा, आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदलांची हाताळणी. या सहाही गोष्टी संस्थेच्या हातातल्या आहेत, कर्मचाऱ्याच्या स्वभावातली एकही त्यात नाही.

परतीची आखणी, त्या प्रकरणावरून

तोच मार्च पुन्हा मिळाला असता तर मी काय बदललं असतं, ते लिहितो. परतण्याच्या दोन आठवडे आधी साचलेल्या कामाची यादी दुसऱ्या अधिकाऱ्यानं करायची आणि तिच्यातलं जास्तीत जास्त काम निपटून टाकायचं. मदतनीसाची मुदत 'गरज असेल तोवर' अशी ठेवायची नाही. निदान तीन महिने, तारखेनिशी. मुदतीआधी त्याला हलवायचं असेल तर परतलेल्या माणसाशी आणि त्याच्या डॉक्टरांशी किंवा संस्थेच्या आरोग्य अधिकाऱ्याशी बोलून, आणि त्याच्या बदल्यात कोणतं काम कमी करणार हे लिहून. नवीन प्रकरणांना पहिल्या काही महिन्यांसाठी संख्येची मर्यादा. मर्यादेबाहेरचं काम कुणाकडे जाणार तेही नाव घालून ठरलेलं, नाहीतर ते मागच्या दारानं त्याच टेबलावर येतं.

साप्ताहिक भेटीचा वार आणि वेळ पक्की. भेट चुकणार असेल तर कोण बदली येणार तेही ठरलेलं. त्या भेटीत 'कसं काय, ठीक ना?' विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर 'ठीक' असंच येतं. विचारायचं असं: या आठवड्यात कोणतं काम घरी न्यावं लागलं? कोणता निर्णय एकट्यानं घ्यावा लागला? किती रात्री नीट झोप लागली? पुढच्या आठवड्यातलं कोणतं काम मी आत्ता तुमच्याकडून काढून घेऊ? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नको' असं आलं, तरी वरिष्ठानं यादी समोर ठेवून निदान एक काम उचलावं. ते कोणतं उचललं आणि कुणाला दिलं, याची नोंद त्याच कागदावर, दोघांच्या सहीनं.